तळ, मजला आणि चटई

सुरतेत नानपुऱ्याला सरकारी कचेऱ्यांची उंच इमारत आहे. तिला गावातला लहानथोर 'बहुमाळी' म्हणतो. हीच इमारत पुण्यात असती तर 'बहुमजली' ठरली असती. एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले असेल असे ऐकणाऱ्याला वाटते, पण माळ आणि मजला यांचे एकमेकांशी कसलेच नाते नाही. एक प्राकृतातून आला, दुसरा अरबीतून फारसीच्या मार्गे. सुरतेहून बारडोलीकडे निघाले की कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर मुंबई–अहमदाबाद हमरस्ता आडवा येतो. उधना-लिंबायतपासून या कडोदऱ्यापर्यंत, मागांच्या आणि रंगाई-छपाईच्या गिरण्यांच्या आधाराने राहणारा खानदेशी माणूस घरी मजला म्हणतो आणि भाडेकरार करताना माळ म्हणतो.

शब्दांच्या जोड्या लावून पाहायला ही जागा चांगली, याचे आणखी एक कारण आहे. इमारत किती उंच बांधावी आणि एका तुकड्यावर किती दाटी करावी याचे नियम महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांत एकाच खोडापासून फुटले आहेत. ते खोड म्हणजे १९१५ चा मुंबई नगररचना कायदा आणि त्याची जागा घेणारा १९५४ चा कायदा. १९६० साली राज्ये वेगळी झाली, महाराष्ट्राने १९६६ मध्ये आणि गुजरातेने १९७६ मध्ये आपापला कायदा केला. नियम भावाभावांसारखे राहिले, शब्द मात्र दोन घरांत वाढले.

आधी मजला घेऊ. अरबी न-ज-ल हा धातू 'उतरणे' या अर्थाचा. प्रवासी उंटावरून किंवा घोड्यावरून जिथे उतरतो ती मंजिल. पुढे दोन मुक्कामांमधले अंतरही मंजिल झाले आणि मराठीत अनुस्वार गळून 'मजल' उरली. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत फौजा मजल दरमजल करीत जातात. मोल्सवर्थच्या कोशात मजल आणि मजला हे दोन्ही वेगवेगळे नोंदवलेले आहेत. लिंगभेदही ध्यानात घेण्याजोगा आहे: ती मजल आडवी, तो मजला उभा. आडव्याचा उभा कसा झाला? फारसीत 'दुमंजिला' असे विशेषण आहे, दोन मंजिलांचे घर. मराठीत आधी हे विशेषणच आले असावे आणि दुमजली, तिमजली म्हणता म्हणता त्यातून 'मजला' हे नाम सुटून स्वतंत्रपणे नांदू लागले असावे. कल्पनेला आधारही आहे. चंद्राच्या आकाशमार्गाचे अरबी ज्योतिषाने अठ्ठावीस भाग केले त्यांना मंजिला म्हणतात, आणि आठवड्यात पठण पुरे व्हावे म्हणून कुराणाचे सात भाग पाडतात त्यांनाही मंजिलच म्हणतात. म्हणजे मंजिल हा कोणत्याही वाटेचा एक टप्पा. ती वाट जिन्याची असली तरी चालते.

याच धातूचे दुसरे अपत्य विदर्भात भेटते. नागपूर-अमरावतीकडे 'नझूल' जमीन म्हणतात ती सरकारच्या मालकीची, मुख्यतः शहरी वस्तीतली, पट्ट्याने दिलेली. वारस न उरल्याने किंवा अन्य कारणाने सरकारकडे 'उतरून' आलेली जमीन, असा तिचा मूळ अर्थ दिसतो. डोक्यातून खाली उतरणारी सर्दी ती उर्दूतला 'नजला'. एकंदर सारे कूळ उतरण्याचे, आणि त्यातला एकटा मजला तेवढा वर चढलेला.

'तळमजला' या शब्दाकडे मात्र थोडे थांबून पाहावे. तल हा संस्कृत शब्द पृष्ठभाग, बूड, तळहात अशा अर्थांचा. पण मराठीत फौज जिथे उतरते तोही तळ. तळ पडतो, तळ ठोकतात, तळ उठतो. तेव्हा तळमजल्यात मुक्कामाचे दोन शब्द एकमेकांशेजारी बसले आहेत, एक संस्कृतच्या घरचा आणि एक अरबस्तानातून आलेला. जोडणाऱ्याच्या मनात हे नसणारच, त्याला 'खालचा' एवढेच म्हणायचे होते. गुजरातीने या जागी परका शब्द घेतलाच नाही, ती 'भोंयतळियुं' म्हणते: भुई आणि तळ. आणि सुरत–बऱ्हाणपूर ही मोगल काळातली मोठी व्यापारी वाट बारडोली, नवापूर, नंदुरबारवरून जात असे, हे आठवले की कडोदऱ्याच्या आसपास मजल हा शब्द आडव्या अर्थाने किती वापरला गेला असेल याचा अंदाज येतो. सतराव्या शतकात ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने त्या वाटेचे टप्पे कोसांत नोंदवून ठेवले आहेत.

आता माळ. पुण्याच्या घरात माळा म्हणजे छताखालची फळी टाकलेली जागा, जिथे लग्नातली मोठी पातेली आणि गणपतीची मखरे ठेवतात. मुंबईत मात्र 'दुसऱ्या माळ्यावर राहतो' असे सर्रास म्हणतात. हा अर्थ मुंबईच्या मराठीने गुजरातीकडून घेतला असावा, कारण घाटावर तो फारसा ऐकू येत नाही. मूळ अर्थ कोणता, साठवणीचा की राहण्याचा? इथे जैन आगमांची साक्ष फार मोलाची आहे. साधूने भिक्षा घेताना टाळायचे जे सोळा उद्गमदोष सांगितले आहेत त्यांत एक 'मालापहृत' आहे, प्राकृतात 'मालोहड'. मालावरून, म्हणजे उंचावरच्या साठवणीच्या जागेतून, खाली काढून दिलेले अन्न साधूला चालत नाही. शिडीवर चढणारी गृहिणी पडेल, हे त्यामागचे एक कारण सांगतात. म्हणजे अर्धमागधीचा माल हा पुण्याचाच माळा. पालीत 'माळ' आहे तो मंडपासारख्या वास्तूला लावतात, तो थोडा दूरचा. दक्षिणेकडे गेले तर कन्नडात 'माळिगे' म्हणजे सपाट छत किंवा वरचा मजला, तमिळात 'माळिगै' म्हणजे वाडा-हवेली. सोलापूर-मराठवाड्याचे मातीच्या छताचे 'माळवद' याच गोतातले दिसते. मराठी 'माडी', कन्नड 'महडी', तेलुगू 'मेड', गुजराती 'मेडी' ही चुलत घराणी असावीत. शब्द उत्तरेतून दक्षिणेत गेला की उलट, यावर पैज लावू नये, पण द्राविडी भाषांत त्याचा विस्तार अधिक भरगच्च आहे एवढे खरे.

सपाट छताला खानदेशात 'धाबे' म्हणतात, गुजरातीत 'धाबुं'. इथे नंदुरबारचा माणूस कडोदऱ्यात येऊन एकही शब्द न बदलता गच्चीवर वाळवण घालू शकतो. आपली प्रमाण मराठी 'गच्ची' म्हणते ती फारसी 'गच' म्हणजे चुना, गिलावा यावरून. चुनेगच्ची हा शब्द त्याची खूण. शिष्ट गुजराती तिलाच 'अगाशी' म्हणते, आणि ती आकाशावरून. एकाने पायाखालचा चुना पाहिला, दुसऱ्याने डोक्यावरचे आभाळ.

पोटमाळ्याविषयी थोडे. ठरावीक उंचीच्या आतला पोटमाळा बहुतेक नियमावल्या बांधीव क्षेत्रात धरत नाहीत, त्याहून उंच झाला की धरतात. म्हणून या शब्दाच्या व्याख्येवर पैसे अवलंबून असतात. 'पोट' हे इथे दोन मजल्यांच्या मधले. आणि पोटाचा संस्कृत पर्याय 'उदर' मनात आला की कडोदरा हे गावाचे नावच समोर उभे राहते. वडोदऱ्याची व्युत्पत्ती लोक वट अधिक उदर अशी करतात, वडाच्या पोटातले गाव. पण इसवी सन ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात त्या गावाचे नाव 'वडपद्रक' असे आले आहे. पद्र म्हणजे गाव, वस्ती. तेव्हा उदर ही मागाहून बसवलेली संस्कृत टोपी असावी, आणि कडोदऱ्याच्या शेपटालाही पद्रकच असावे असा तर्क करायला हरकत नाही. हाच पद्र गुजरातीत 'पादर' होऊन अजून जिवंत आहे: गावाचे पादर म्हणजे वेशीबाहेरची मोकळी जागा, जिथे पाहुण्याला निरोप द्यायला जातात.

पादर ऐकले की मराठी कानाला 'पांढर' आठवते. फसू नये. आपली पांढरी ही पांडुर, म्हणजे रंगाने पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या चुलींची राख आणि पडक्या भिंतींची माती मिसळून गावाच्या वस्तीची जमीन पांढुरकी होते, आणि नांगराखालची जमीन काळी राहते. काळी आणि पांढरी या जोडीइतकी जुनी विभागरचना मराठी मुलखात दुसरी नसावी: काळीत पीक, पांढरीत घर. हल्लीच्या विकास आराखड्यात रहिवास विभाग पिवळा, औद्योगिक जांभळा आणि शेतीचा हिरवा रंगवतात. रंग वाढले, रीत तीच. 'झोन' या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत कमरपट्टा असे आहे, आणि आपल्या भूगोलाच्या पुस्तकाने उष्ण 'कटिबंध' म्हणताना ते अचूक पकडले होते. नगररचनेने मात्र 'विभाग' हा सपक शब्द घेतला.

पांढरीचे सरकारी नाव गावठाण, म्हणजे ग्रामस्थान. गुजरातीत 'गामतळ'. पुन्हा तळ आलाच. पण ठाण गुजरातीला परके नाही. कडोदऱ्याला लागून चलथाण आहे, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशन आणि साखर कारखान्याचे गाव. त्याच्या शेवटी तेच स्थान आहे. मराठीने स्थचा ठ केला, गुजरातीने इथे थ राखला. दोन्ही राज्यांच्या नियमांत गावठाणाला आणि गामतळाला वेगळी वागणूक मिळते, कारण तिथली घरे नियमांच्या आधीची आहेत: भिंतीला भिंत, गल्ली बैलगाडीच्या मापाची.

गावठाणाबाहेर घर बांधायचे तर जमीन आधी 'बिगरशेती' व्हावी लागते. गुजरातीत 'बिनखेती'. आपले बिगर अरबी 'गैर'वरून फारसी बगैरच्या वाटेने आलेले, त्यांचे बिन संस्कृत विना. शेत आणि खेती दोन्ही मात्र 'क्षेत्र'चीच लेकरे आहेत. क्ष या जोडाक्षराचे प्राकृतात दोन प्रवाह झाले, एकात ख आणि दुसऱ्यात छ. गुजराती खेतर पहिल्यात गेले, मराठी शेत दुसऱ्यातून आले असावे. म्हणजे क्षेत्राचे क्षेत्रपण काढून घेतले की ती जमीन बिगरशेती होते, आणि त्यावर इमारत उभी राहताच तीत पुन्हा 'चटई क्षेत्र' मोजायला लागतात. संस्कृत शब्द एका दाराने गेला आणि दुसऱ्या दाराने तत्सम पोशाखात परत आला.

या चटईपाशी अधिक थांबायला हवे. चटई हा देशी शब्द दिसतो. संस्कृतात चटईला 'कट' म्हणतात, आणि कर्मकारक शिकवताना वैयाकरणांनी पिढ्यान्‌पिढ्या कट विणणाऱ्या माणसाचेच उदाहरण दिले आहे. कट आणि चटई यांचा संबंध जोडण्याचा मोह होतो, पण क चा च होण्याला इथे नियम सापडत नाही, आवरता घ्यावा. इंग्रजीतल्या कार्पेटला मराठीत शब्दांचा तोटा नव्हता. गालिचा तुर्की-फारसी, जाजम त्याच वाटेचे, सतरंजी बुद्धिबळाच्या पटासारखी चौकड्यांची म्हणून शतरंजावरून, आणि शतरंज पुन्हा आपल्या चतुरंगावरून. या सगळ्यांना बाजूला सारून ज्याने चटई निवडली त्याची निवड मला मनापासून आवडते. मुंबईच्या खोलीत माणसाला रात्री लागते ती जागा चटईएवढी. जपानात तर खोली तातामी चटयांच्या संख्येनेच सांगतात, सहा चटयांची, आठ चटयांची.

पण या निवडीतून एक घोटाळा झाला आहे. घर विकत घेणाऱ्याच्या कराराला महत्त्वाचे असते ते प्रत्यक्ष वापरता येणारे क्षेत्र. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने त्याची व्याख्या केली: बाहेरच्या भिंती, सज्जा, उघडी गच्ची वगळायची, आतल्या आडभिंती धरायच्या. याला चटई क्षेत्र म्हणणे सर्वथा योग्य. नियमावलीतला 'चटई क्षेत्र निर्देशांक' ही गोष्ट मात्र निराळी आहे. सगळ्या मजल्यांच्या बांधीव क्षेत्राची बेरीज करायची आणि तिला भूखंडाच्या क्षेत्राने भागायचे, की हा निर्देशांक निघतो. त्यात बाहेरच्या भिंतींची जाडी येते, जिथे कोणीही चटई अंथरत नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत हा आकडा बेट शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ असा होता, आणि त्या तिसऱ्या भागाच्या फरकावर किती भांडवल फिरले हे मुंबईकराला सांगायला नको. एकच चटई दोन वेगवेगळी मापे दाखवते. घर घेणारा भांबावतो आणि कंटाळून 'एफएसआय' म्हणू लागतो. गुजरातीने भाषांतराच्या भानगडीत न पडता एफएसआयच ठेवले आहे.

जुन्या शिल्पग्रंथांकडे या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. संस्कृतात मजल्याला दोन शब्द आहेत. एक भूमी: सातमजली प्रासाद तो सप्तभूम. 'मयमत' या ग्रंथात मजल्यांच्या उंचीचे प्रकरण आहे त्याचे नावही भूमिलंब. दुसरा तल: एकतल, द्वितल, अशा चढत्या पायऱ्यांनी 'मानसारा'त बारा तलांपर्यंत वर्णन जाते. भूमी हा शब्द किती नेमका आहे पाहा. जिना चढून वर गेलो की पायाखाली नवी भुई लागते. निर्देशांक सांगतो तेही हेच: देवाने दिलेल्या एका भुईच्या किती भुया करण्याची मुभा आहे. १.३३ म्हणजे एक भुई आणि वर तिसरा हिस्सा. आधुनिक गणित आणि मध्ययुगीन स्थपती एकाच प्रतिमेवर येऊन पोचले आहेत.

चटईपेक्षा सरस भाषांतर नगररचनेच्या मराठीत एक आहेच, ते म्हणजे 'सामासिक अंतर'. इमारतीच्या चारी बाजूंना कुंपणापर्यंत जी जागा मोकळी सोडायची तिला हे नाव. वहीच्या पानावर कडेला सोडतो तो समास, त्यावरून हे आले. समासाचा धात्वर्थ एकत्र टाकणे, जवळ आणणे. राजपुत्र, पंचवटी हे समास दोन शब्दांमधली फट बुजवून होतात. तोच शब्द मराठीत मोकळी कड दाखवू लागला, हा अर्थपालट मोठा विलक्षण. मजकूर मध्ये एकवटायचा म्हणून कडेची जागा सुटते, त्या एकवटण्याचेच नाव सुटलेल्या जागेला पडले असावे. गुजरातीत समासाला 'हांसियो' म्हणतात. तो अरबी 'हाशिया', आणि हाशिया म्हणजे पानाची कड तशी कापडाचीही कड. साड्यांच्या मुलखात हा शब्द रुजला हे स्वाभाविक. मोकळ्या अंतराची कल्पना मात्र परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरबांधणीच्या तंट्यांचे प्रकरण आहे, आणि शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर सोडावे याचा विचार तिथे झालेला आहे.

कापडाचा धागा पुढेही जातो. सुरतेत भूखंड आणि सदनिका 'वार'च्या हिशोबाने विकतात, चौरस वार. मराठीला वार ठाऊक आहे तो नऊवारी, पाचवारीतला. पोर्तुगिजांचे 'वारा' हे लांबीचे माप पश्चिम किनाऱ्यावर रुळले त्यातून तो आला असावा. लुगडे आणि जमीन एकाच मापाने मोजणारे शहर कापडाचे असावे, यात नवल नाही. नगररचना योजनेत मालकाच्या जमिनीतून रस्त्यांसाठी आणि बागांसाठी काढून घेतात तिला गुजरातीत 'कपात' म्हणतात. आपलाही हा रोजचा शब्द. कापणे हे संस्कृत कल्पयति या क्रियापदाचे रूप, ज्याचा अर्थ छाटणे, घडवणे, योजणे. तेव्हा कपात आणि कल्पना सख्ख्या बहिणी ठरतात. ज्याची जमीन जाते त्याला एकीचा अनुभव येतो, नकाशा काढणाऱ्याला दुसरीचा.

दाटीचे शब्द राहिले. घनता हा शब्द 'घन'चा, आणि घन हन् म्हणजे ठोकणे या धातूचा. लोहाराचा घण तोच. ठोकून ठोकून घट्ट केलेले ते घन. गुजराती लोकसंख्येच्या घनतेला 'गीचता' म्हणते. आपले गिचमिड त्याच्या शेजारचे दिसते, गच्चही बहुधा. मला मात्र सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो रोजच्या वापरातला 'इमारत'. अरबी अ-म-र या धातूचा अर्थ जगणे, नांदणे, वसणे. आयुष्य ते 'उम्र', म्हणजे आपली उमर, वस्तीने भरलेले ते 'मामूर', आणि बांधणारा तो 'मेमार'. इमारत म्हणजे मुळात विटांचा ढीग नव्हे, तर जागा नांदती करणे. उंची आणि घनता यांची दोन वेगळी कोष्टके नियमावलीत करावी लागतात, पण या एका शब्दात ती आधीपासून एकत्र आहेत.

नियमावल्यांच्या मराठी आवृत्त्या सिद्ध करणाऱ्यांना म्हणून एक विनंती. चटई क्षेत्र हा शब्द घराच्या करारापुरता राखावा. निर्देशांकाला 'तलक्षेत्र निर्देशांक' म्हणावे. तल संस्कृत शिल्पग्रंथांत आहे, मराठी तळमजल्यात आहे, गुजराती भोंयतळिया आणि गामतळातही आहे, म्हणजे मुंबईपासून कडोदऱ्यापर्यंत तो कोणालाच समजावून सांगावा लागणार नाही. आणि सुरतेकडच्या मराठी वाचकांनी आपल्या घरी वरच्या मजल्याला माळ, माडी, मेडी, धाबे यांपैकी काय म्हणतात ते मूळ गावाच्या नावासह लिहून ठेवावे. या शब्दांची सरहद्द नेमकी कुठून जाते हे अशा नोंदींवरूनच ठरेल.